घोडबंदर रोडवरचा पूर्वजन्म: साडेचार हजार रुपये, रेकॉर्डिंगसह

माझ्या वन्संचा मागच्या जन्मी वाडा होता. शनिवार पेठेत, दोन चौकी, मागच्या चौकात हौद आणि तुळशीवृंदावन. त्यांना हे फेब्रुवारीत, संमोहनाने पूर्वजन्म दाखवणाऱ्या एका सेंटरमध्ये कळलं आणि तेव्हापासून आमच्या घरात हे माहीत नसलेलं कुणी उरलेलं नाही. कासारवडवलीच्या त्यांच्या वन बीएचकेत आता ‘आमच्याकडे पूर्वी’ अशी वाक्यं सुरू होतात. त्यातलं पूर्वी म्हणजे सासरही नाही आणि माहेरही नाही, तिसरंच काहीतरी.

माझ्या चोपन्नाव्या वाढदिवसाला त्यांनी साडीऐवजी त्याच सेंटरचं एक सेशन मला भेट दिलं. साडेचार हजार भरून टाकले होते आणि ते परत मिळणार नव्हते. मिळणार असते तर मी साडीच घेतली असती.

सेंटरचं नाव देत नाही. जे बोलायचं ते मी तिथल्या मॅडमना समोर बोलले आहे. शिवाय या धंद्यात पद्धत सगळीकडे साधारण हीच दिसते, तेव्हा खालचं सगळं तुम्ही कुठेही जात असाल तरी कामाला येईल.

जागा घोडबंदर रोडला लागून, टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली मेट्रोचं काम चालू असल्यामुळे रिक्षावाला समोरच्या बाजूला सोडतो आणि मग रस्ता ओलांडताना पुढचा जन्मही जवळ आल्यासारखा वाटतो. आत स्वच्छ. लॅव्हेंडरचा वास, भिंतीवर चक्रांचं चित्र, शेजारी दोन फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. वाचली. एक तीन दिवसांच्या कोर्सचं, दुसरं ऑनलाइन. रिसेप्शनवरच्या मुलाने चार पानी फॉर्म दिला. वय, लग्न, भीती कशाची वाटते, शरीरात कुठे दुखतं, कोणत्या काळाबद्दल ओढ वाटते, लहानपणी ऐकलेली कोणती गोष्ट आठवते. सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘हे वैद्यकीय उपचार नाहीत’. ती ओळ मात्र मला आवडली. मी दुखण्याच्या रकान्यात ‘उजवा खांदा’ लिहिलं, ओढीच्या रकान्यात ‘मराठेशाहीची अखेर’ लिहिलं आणि गोष्टीचा रकाना रिकामा ठेवला. हा फॉर्म लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माहितीपत्रकात पतंजलींच्या योगसूत्राचा दाखला आहे. सूत्र खरं आहे, विभूतिपादातलं अठरावं: संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान होतं. पण त्यासाठी पतंजली संयम मागतात, म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी या तिन्ही. रिक्लायनर मागत नाहीत. त्याच पानावर शांतिदेवीचा फोटो आहे. दिल्लीची ती लहान मुलगी १९३०च्या दशकात मथुरेतल्या आपल्या घराबद्दल, नवऱ्याबद्दल बोलू लागली होती आणि १९३५ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने नेमलेली मंडळी तिला मथुरेला घेऊन गेली होती. ती हकीकत खरी माना की खोटी, पण त्या पोरीला कुणी झोपवून, दहापासून एकपर्यंत आकडे मोजून काही विचारलं नव्हतं. ती आपणहून बोलत होती. अशा मुलांच्या हकीकती आयुष्यभर गोळा करणारे व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन यांनाही संमोहनातून निघालेल्या पूर्वजन्मांवर भरवसा नव्हता. आमच्याकडे याला दुसऱ्या खटल्यातला मुद्देमाल या खटल्यात लावणं म्हणतात.

‘आमच्याकडे’ म्हणजे कोर्टात. मी स्टेनो आहे, ठाण्यातच, एकतीस वर्षं. मराठी लघुलेखन मिनिटाला एकशेवीस शब्द. हे मिरवायला सांगत नाही. सेशनमध्ये मला जे दिसलं ते बहुतेकांना दिसेल, पण नंतर जे ऐकू आलं ते या नोकरीमुळे ऐकू आलं.

मॅडम साधारण चाळिशीच्या, आवाज फार सुंदर. खरंच सांगते, नुसता त्या आवाजासाठी हजार रुपये द्यायला हरकत नाही. मला ताई म्हणत होत्या. आडवं केलं, अंगावर शाल घातली (एसी फार आहे, मोजे घालून जा), श्वास, मग पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल, मग दहापासून उलटे आकडे, मग एक जिना, खाली दार. दार उघडायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. पाऊण तासात मला अंधार दिसला, पाऊस दिसला, उंच दगडी भिंत दिसली. मी पुरुष होते. घोडा होता. मी गात होते. डोळ्यांतून पाणी आलं, ते कानात गेलं तेही कळलं. म्हणजे झोपले नव्हते आणि नाटकही करत नव्हते. अंगावर काटा आला होता.

उठल्यावर मॅडमनी विचारलं, ‘काही ओळख पटली?’

पटली होती. ठाण्याच्या माणसाला पटायलाच हवी. भिंत आपल्या सेंट्रल जेलची, म्हणजे जुन्या किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. आणि मी म्हणजे त्रिंबकजी डेंगळ्यांच्या सुटकेतला गाणारा मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा नोकर. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी इंग्रजांच्या ताब्यात आले आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले गेले. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, कुणी फितूर होऊ नये म्हणून. गोऱ्यांना मराठी कुठलं यायला? एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना रोज गाणं म्हणायचा आणि गाण्यातच पळून जायचा बेत सांगायचा. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. पुढे पकडले गेले, चुनारच्या किल्ल्यात गेले. तिथे त्यांना भेटलेल्या बिशप हेबर यांनी गाण्याची ही गोष्ट आपल्या प्रवासाच्या नोंदींत लिहून ठेवली आहे. पंचावन्न घोडे उभे आहेत, माणसं मात्र चोपन्न, असा त्या गाण्याचा इशारा.

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांना ही गोष्ट अजिबात माहीत नव्हती आणि त्या मनापासून आनंदल्या. ‘बघा! इतिहासात नोंद आहे!’ मी म्हटलं, मॅडम, पण ही गोष्ट मला आधीपासून माहीत आहे. त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच तर तुम्हाला ती आवडायची ना, ताई.’ याच्यावर उलटतपास घेता येत नाही. मी चहा घेतला (ग्रीन टी, बेचव) आणि घरी आले. वन्संचा फोन आधीच येऊन गेला होता. ‘कोण निघालीस?’ मोतद्दार म्हटल्यावर जरा शांतता. मग म्हणाल्या, ‘असू दे गं, सगळ्यांनाच काही...’ आणि वाक्य सोडून दिलं. त्यांच्या ग्रुपमधल्या पाचजणी तिथे जाऊन आल्यात. तीन पेशवाईत, एक राजस्थानच्या महालात, एक थेट इजिप्तमध्ये. दळणारी, कांडणारी, शेण थापणारी एकही नाही. त्या काळी एवढी शेतं कोण कसत होतं, देव जाणे.

आठ दिवसांनी व्हॉट्सअॅपवर रेकॉर्डिंग आलं, अठ्ठेचाळीस मिनिटांचं. या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. मागून घ्या, नाही म्हणत नाहीत.

आता जरा कोर्टातली एक गोष्ट सांगते. साक्षीदार बोलतो ते आम्ही प्रश्नोत्तरांत सहसा उतरवत नाही. वकील विचारतो, ‘तुम्ही तेव्हा कुठे होतात?’ साक्षीदार म्हणतो, ‘घरी.’ साहेब, म्हणजे न्यायाधीश, सांगतात आणि मी टाइप करते: ‘घटनेच्या वेळी मी घरी होतो.’ प्रश्न गेला, राहिलं ते साक्षीदाराचं सलग निवेदन. फारच महत्त्वाचं असेल तर साहेब प्रश्न जसाच्या तसा घ्यायला सांगतात, एरवी नाही. म्हणूनच सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारत असताना, सूचक प्रश्नाला समोरचा वकील लगेच उठतो. सूचक म्हणजे ज्याच्या पोटात हवं ते उत्तर आहे असा प्रश्न. पुरावा कायद्यात तो १४१व्या कलमात होता, नव्या साक्ष अधिनियमात १४६व्या. एकदा निवेदन तयार झालं की वाचणाऱ्याला कळत नाही, कुठला शब्द साक्षीदाराचा आणि कुठला वकिलाने तोंडात घातलेला.

रविवारी मी हेडफोन लावले आणि रेकॉर्डिंग दोनदा टाइप केलं. आधी कोर्टाच्या रीतीने:

‘मी पुरुष आहे. वय पंचविशीच्या आतबाहेर. पायांत काही नाही. रात्र आहे, पाऊस आहे. समोर किल्ल्याची भिंत आहे. मी घोड्याची निगा राखतो. लांबून तोफांचा आवाज येतो. माझ्या उजव्या खांद्याला भाल्याची जुनी जखम आहे. मी गातो आहे. साल १८१६.’

वाचून पुन्हा काटा आला. मग प्रश्नांसकट:

‘प्रश्न: पायांकडे बघा, ताई. पायांत काही आहे की अनवाणी?
उत्तर: अनवाणी.
प्रश्न: पाय कसे आहेत? रांगडे, पुरुषाचे वाटतात का?
उत्तर: हो.
प्रश्न: समोर एखादी मोठी वास्तू दिसते का? वाडा, किल्ला?
उत्तर: किल्ला. भिंत.
प्रश्न: जवळ कुणी आहे? माणूस, किंवा एखादं जनावर?
उत्तर: घोडा.
प्रश्न: आवाज येतात का कसले?
उत्तर: लांबून धडधडतंय.
प्रश्न: तोफा असतील का?
उत्तर: हो. तोफा.’

ती धडधड रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येते. मेट्रोच्या कामाचं ड्रिलिंग.

‘प्रश्न: उजव्या खांद्यावर काही जखम आहे का? भाला, तलवार?
उत्तर: असेल. भाला.’

खांदा माझ्याच फॉर्ममधून आला होता. आमचे हाडांचे डॉक्टर त्याला एकतीस वर्षांचं टायपिंग म्हणतात. आणि साल! कुठलं साल आहे विचारल्यावर मी एका दमात ‘१८१६’ म्हटलं. पेशवाईतला मोतद्दार. त्याला मुळात साल ठाऊक असेलच असं नाही, आणि असलं तर तो शके १७३८ म्हणेल. इसवी सन त्याला कुणी शिकवला? ज्या साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकायची त्यांनी?

एकूण एकाहत्तर प्रश्न. लाल पेनाने खुणा केल्या तर चव्वेचाळीस सूचक. कुठलेही साहेब दहाव्या मिनिटाला ओरडले असते.

तरी मॅडम फसवतात असं मी म्हणणार नाही. त्यांना त्रिंबकजी ठाऊकच नव्हते, तर ते माझ्या डोक्यात घालणार कशा? त्यांनी नुसत्या खुंट्या मारल्या. त्यांच्यावर कपडे मीच टांगले, आणि कपडे माझ्याच कपाटातले होते.

मग वाचत बसले. हे काही ठाण्यातच घडलेलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावी एका व्यावसायिकाने एका गृहिणीला संमोहित केलं आणि ती आयर्लंडमधली ब्रायडी मर्फी म्हणून बोलायला लागली. जन्म १७९८, मृत्यू १८६४, सगळं तपशीलवार. १९५६ मध्ये त्यावरचं पुस्तक धडाधड खपलं. मग पत्रकार कामाला लागले. आयर्लंडमध्ये त्या बाईची नोंद सापडेना. आणि शिकागोत, ती गृहिणी लहानपणी राहायची त्या घरासमोर, एक आयरिश बाई राहत होती हे निघालं. माहेरचं नाव ब्रायडी मर्फी. म्हणजे पूर्वजन्म समोरच्या घरात होता. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात निकोलस स्पॅनोस यांनी याचे प्रयोगच केले, १९९१ मध्ये छापून आले. काही लोकांना आधीच सांगून ठेवलं की जुन्या काळी मुलांचे फार हाल व्हायचे. त्यांच्या पूर्वजन्मांत हाल जास्त निघाले. ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यात कमी. आणि त्या काळाबद्दलचे साधे प्रश्न विचारले तर उत्तरं वारंवार चुकत होती. माझ्या १८१६सारखीच.

इथवर सगळं सरळ आहे. पण एकाहत्तर प्रश्नांच्या उत्तरांत दोन ठिकाणी मी अडले.

एक: मॅडमनी विचारलं, ‘हे गाणं कुणासाठी? प्रेयसीसाठी?’ प्रश्न सूचक आहे, पण उत्तर त्यातून आलेलं नाही. मी म्हणाले, ‘नाही. भिंतीसाठी.’ आणि मग रेकॉर्डिंगमध्ये अकरा सेकंद मी गुणगुणतेय. ती चाल मी ओळखली, बाबांची. गोष्ट त्यांनीच सांगितलेली. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. चरईतून टेंभी नाक्याला आणि तिथून जेलच्या भिंतीच्या कडेने ते मला फिरायला न्यायचे आणि ‘पंचावन्न घोडे, चोपन्न स्वार’ असं स्वतःच जुळवलेलं पोवाड्याच्या चालीवर म्हणायचे. ते मला पक्कं आठवत होतं, फॉर्ममध्ये लिहायचं सुचलं नव्हतं इतकंच.

दुसरी जागा आठवत नव्हती. एकतिसाव्या मिनिटाला, कुणी काहीही विचारलेलं नसताना मी म्हणते, ‘ओल्या हरभऱ्याचा वास येतोय. तळहातावर.’ मॅडम तिथे थांबल्याच नाहीत. त्यांना माझा मृत्यू दाखवायचा होता, तो त्यांच्या क्रमात पुढचा होता. ‘छातीत काही टोचतंय का?’ मी म्हणते, ‘नाही, भूक लागलीय.’ त्यांनी तीनदा मारायचा प्रयत्न केला, मी मेले नाही. पण तो वास कुठला? घोडे मी आयुष्यात जवळून पाहिलेले नाहीत. माथेरानला बसलेली नाही, भीती वाटते. थोडा वेळ, खोटं कशाला बोलू, मला वाटलं की हा एवढा एक धागा खरा असेल.

पुढच्या शनिवारी आईकडे गेले. ती एक्क्याऐंशीची आहे, भावाकडे असते. पूर्वजन्म वगैरे काही बोलले नाही. नुसतं विचारलं, ‘आई, घोड्याचं आणि हरभऱ्याचं काही आठवतं का गं?’ कोर्टात हाही सूचकच ठरला असता, पण दुसरं कसं विचारणार?

आई म्हणाली, ‘अगं, तू मोड खायची नाहीस. दात-ओठ घट्ट. मग हे काय करायचे, भिजवलेले हरभरे मुठीत घ्यायचे आणि तुझ्यापुढे तळहात धरायचे. तू घोडा. तू हातातून तोंडाने खायचीस आणि यांचं ते गाणं चालू. माझ्या साडीला हात पुसायचे नंतर. तीन वर्षांची असशील.’ मग म्हणाली, ‘का गं?’

मी म्हटलं काही नाही, सहज.

तर आता रेटिंग. पूर्वजन्म शोधायची सेवा म्हणून पाचपैकी एक. पडून राहायची, कुणीतरी पाऊण तास आपल्यालाच प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट बघायची सेवा म्हणून चार. बायकांना हे घरात मिळत नाही, आणि वन्संसारख्यांना तिथून हलकं वाटत असेल तर त्यामागे हेच असावं. एक तारा एसीसाठी आणि मला तीनदा मारायला निघाल्याबद्दल कापला. रात्रीची झोप उडाली असेल, खोल उदासी असेल, तर मात्र इथे जाऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ती फॉर्मवरची बारीक ओळ उगाच नाही. आणि कुठे कुणी बाबा-महाराज ‘मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस’ म्हणून जवळीक करू लागला तर ते २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे, सरळ पोलिसांत जा. या सेंटरमध्ये तसलं काही नाही, हेही सांगायला हवं. मॅडम सभ्य आहेत. मी त्यांना माझी लाल खुणांची प्रत नेऊन दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, पान उलटून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी मी कमी बोलेन.’ दुसऱ्या सेशनला पंधरा टक्के सूटही देऊ केली.

वन्संना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचंही रेकॉर्डिंग द्या, टाइप करून देते, दोन्ही प्रती. त्या पोहे परतत होत्या. गॅस बारीक केला, झाकण ठेवलं.

‘नको गं,’ म्हणाल्या. ‘माझा वाडा राहू दे.’

मी परत विचारलं नाही. हौदाला पायऱ्या किती होत्या तेवढं विचारलं. सात, म्हणाल्या.